डावीकडची चटई

गाडी थांबली खरी, पण शेळी वाचली ती तिने स्वतःच उडी मारली म्हणून.

तुळजाजींनी स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं होतं. तिरुवैयारुच्या रस्त्यावर ऊन चटके देत होतं आणि शेळीवाली बाई तमिळमध्ये त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. डाव्या सीटवरचा मुरलीकृष्ण मेकॅनिक चकार शब्द बोलला नव्हता. गिऱ्हाइकाला गाडी चालवायला शिकवायचं नाही, ही त्याची रीत. त्याने फक्त दोन्ही पाय खाली रोवले होते आणि डोळे मिटले होते.

"बघितलंस?" तुळजाजी म्हणाले. "मी काय खोटं सांगत होतो? ब्रेक लागतच नाही."

"बघितलं, सार," एवढंच मुरली म्हणाला.

गाडी जुनी, मोठी, डिझेलवरची. पण घरच्या माणसासारखी सांभाळलेली. पोंगलपासून तिला काय झालं होतं कोण जाणे. लिटरला बारा देणारी गाडी नऊवर आली होती. ब्रेक असा, की पाय दाबावा आणि देवाचं नाव घ्यावं. मुरलीने ब्रेक पॅड बदलले, ब्रेक ऑइल बदललं, एअर फिल्टर नवा घातला, टायरांत हवा मोजून भरली. टपावरचा रिकामा कॅरिअरसुद्धा उतरवला, तेवढंच ओझं कमी. सगळं आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. वैतागाची गोष्ट अशी, की मुरली एकटा चालवायला घेऊन गेला की हीच गाडी लिटरला बारा देई आणि म्हणाल तिथे थांबे. तुळजाजी बसले की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मुरलीचं गॅरेज नवं होतं, गाडीचा मागचा इतिहास त्याला ठाऊक नव्हता. म्हणून आज तुळजाजींनी त्याला मुद्दाम शेजारी बसवून नेलं होतं.

घाई होती ती रविवारची. मुलगा सतीशकुमार बंगळुरूहून येणार होता. तोवर गाडी दुरुस्त झाली नाही तर पापनाशमचा दलाल ती उचलणार, असं त्याने फोनवर निक्षून सांगितलं होतं. सांगितलं तेही तमिळमध्ये. त्याला मराठी समजते, पण बोलायला जीभ वळत नाही.

तुळजाजींना गाडी विकायची नव्हती. घरात आता भांड्याला भांडं लागत नव्हतं. त्यांची बायको धनलक्ष्मी मागच्या मार्गळी महिन्यात, पोंगलच्या तोंडावर गेली. दारापुढची रांगोळी तिने सकाळीच काढली होती, दुपारी ती स्वतः नव्हती. तिच्याबरोबर, तमिळ मुलखात पिढ्यानपिढ्या जपलेली घरातली मराठीही गेली. देवापुढे एकट्याने पुटपुटावी तेवढी उरली. आणि उरली ही गाडी. रोज संध्याकाळी ते कावेरीच्या पुलापर्यंत जाऊन येत. डावीकडची काच थोडी खाली ठेवत, कारण धनलक्ष्मीला वारा लागत असे. कुणी विचारलं असतं तर त्यांनी बॅटरी उतरू नये म्हणून जातो, असं सांगितलं असतं. पण विचारायला कुणी नव्हतं.

तशी ती गाडीत सुखाने कधी बसली नाहीच. वरचं हँडल धरून, पाय रोवून, रस्त्यावर डोळे लावून बसायची. "अय्यो, हळू चला की. पुढं म्हैस आहे की. एवढं पळून कुठं जायचं आहे?" ओरत्तनाडुला जाऊन परत येईपर्यंत हेच. तुळजाजी चिडून म्हणायचे, "गाडी मी चालवतो आणि तोंड तू चालवतेस." मग ती गप्प बसायची. पुढच्या वळणापर्यंत.

परतीला मुरलीने गाडी आपल्या हातात घेतली. गॅरेजात येताच तो डाव्या दारापाशी उकिडवा बसला आणि पायाखालची रबरी चटई बोटांनी चाचपू लागला. मघाशी पाय रोवले तेव्हा त्याचा चवडा थेट पत्र्याला लागला होता.

"इकडे या, सार."

उजवीकडची चटई धडधाकट होती. डावीकडची मात्र एका जागी झिजून आरपार गेली होती. खालच्या पत्र्याचा रंगही उडाला होता आणि तेवढाच भाग भांड्यासारखा लखलखत होता.

मुरलीच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला.

"सार, ही गाडी आधी ड्रायव्हिंग स्कूलची होती, हे सांगायचं नाही होय? शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो ना, तो इथेच असतो. त्याच्या भरवशावर माणूस बिनधास्त गाडी पळवतो. पुढचं बघायचं ते शेजारचा बघतो. तो ब्रेक काढला, तुमची सवय मात्र गेली नाही. आता तुम्ही उशिरा बघता आणि उशिरा दाबता. डिझेलही त्यातच जातं. गाडीत काही दोष नाही, मुलाला मीच फोन करून सांगतो. विकू नका. थोडे दिवस जपून चालवा, होईल सवय."

त्याने पत्र्यावरून हात फिरवला.

"काढणाऱ्याचा हात मात्र साफ हं, सार. कुठे खूणसुद्धा ठेवली नाही. कधी काढला हा ब्रेक?"

तुळजाजी खाली वाकले. त्या झिजलेल्या जागेवर त्यांनी तळहात टेकवला. टाच कुठे रोवली जायची आणि बोटं कुठे, ते हाताला कळत होतं.

"मार्गळीत," ते म्हणाले.