पहाटेची तहान

“कढईत वितळला गूळ, त्यात मिसळले तीळ, मल्होत्रा सरांचं नाव घेते…”

देविकाने जीभ चावली, पण नाव गच्चीभर पसरलं होतं. फरीदाबादच्या त्या गच्चीवर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमलेल्या बायका अशा हसल्या, की कठड्यावरची कबुतरं उडाली. मल्होत्रा सर म्हणजे देविकाच्या ऑफिसातले बॉस. नवऱ्याचं नाव धवल. तो वाणाच्या वाट्यांची टोपली घेऊन जिना चढत होता. तोही हसला. “चलो, मी सुटलो,” म्हणाला.

देविका हसली नाही. पदराखाली तिने फोन घट्ट धरला होता. तो रविवारीही असा धरावा लागे. उचलायला उशीर झाला, की सोमवारी सर सगळ्यांसमोर विचारत, मॅडम, नौकरी करनी है ना? हल्ली फोन वाजला नाही तरी वाजल्यासारखा वाटे. पहाटे छातीत धडधडून जाग येई. ती उठून स्वयंपाकघरात जाई, तर सासूबाई आधीच तिथे पाण्याचा पेला घेऊन उभ्या. “तहान लागली,” दोघी एकमेकींना सांगत आणि आपापल्या अंधारात परत जात. सासूबाईंना पूजेची घाई असेल, असं देविकाला वाटे. स्वतःचं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. नोकरी काय, सगळेच करतात.

आणि आता ते सगळं उखाण्यातून सांडलं होतं.

शेजारच्या हेमलताताई डोळे पुसत म्हणाल्या, आता भानुमतीवहिनींनी घ्यावं, म्हणजे सुनेला शिकायला मिळेल. सगळ्या सावरून बसल्या. देविकाच्या सासूबाई भानुमती आपल्या यजमानांचं, खंडेरावांचं नाव अजून नव्या नवरीसारखं लाजून घेत, आणि ते ऐकायलाच निम्म्या बायका येत. आज त्या लाजल्या नाहीत. त्यांनी सुनेकडे एकदा नीट पाहिलं.

“हलव्याला येतो काटा मंद आचेवर,
तनेजासाहेबांचं नाव घेते, अजून ते डोक्यावर.”

कुणी हसलं नाही. कोण तनेजासाहेब, हेमलताताईंनी हळूच विचारलं.

“माझ्या ऑफिसातले,” भानुमती म्हणाल्या. “मी रिटायर झाले, ते तर वारलेही. पण पहाटे येतात अजून. फाइल मागतात. सांगायची लाज वाटते, म्हणून मी तहान लागली म्हणते.”

देविका सासूबाईंजवळ सरकली. तेवढ्यात पदराखाली फोन थरथरला. मल्होत्रा सर. तिने फोन कानाला लावला, तसा खालून सासूबाईंचा हात आला, तिळगुळाने चिकट झालेला, आणि त्याने तिचा हात नुसता तोलून धरला.

“सर, आज इतवार है,” देविका म्हणाली. “कल ऑफिस में बात करते हैं.”

आता वीज कोसळणार, म्हणून तिने डोळे मिटले. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कुणाचं तरी मूल पापा, पापा करत होतं. मग सरांचा आवाज आला, नुकतंच काही आठवल्यासारखा. “हां… इतवार है.”

फोन बंद करून तिने तो वाट्यांच्या टोपलीत टाकला. धवल जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून राहिला होता. आता तो हसत नव्हता. तिने त्याच्याकडे पाहूनच नाव घेतलं.

“गच्चीवर कोवळं ऊन, फोन केला बंद,
धवलचं नाव घेते, रविवारचा आनंद.”

सोमवारी पहाटे स्वयंपाकघरातला दिवा लागला नाही. कुणालाच तहान लागली नव्हती.