दोन वेण्यांची मुलगी

"तिचं नाव या घरात काढायचं नाही." आईचा तो आवाज पस्तीस वर्षांनंतरही गुद्रूनच्या कानात होता.

नॉर्वेतल्या बर्गेन शहराच्या आठवणी जपणारी मंडळी गुद्रूनसह दर मंगळवारी जमत आणि पुस्तकासाठी जुन्या फोटोंतल्या चेहऱ्यांना नावं देत. दोघांनी ओळख पटवली की नाव शाईनं लिहायचं. नाहीतर जागा कोरी.

दुसऱ्या महायुद्धाआधीच्या मिरवणुकीच्या फोटोत पहिल्या मंगळवारी दोन वेण्यांची एक मुलगी पाठमोरी उभी होती. दुसऱ्या मंगळवारी त्याच फोटोत तिचा कान दिसला. तिसऱ्या मंगळवारी गाल. कॉफीचे कप हलकेच खाली ठेवले गेले.

आज ती पूर्ण वळली होती.

"कुणी परकी दिसते," अध्यक्ष हालवर घाईनं म्हणाला. "सोडा जागा कोरी. पुस्तक उद्या छापायला जायचंय."

"परकी कसली? माझी बहीण आहे, तूरबोर्ग." गुद्रून उठून उभी राहिली. "शहराचा ताबा घेतलेल्या जर्मनांच्या एका शिपायावर जीव जडला म्हणून युद्ध संपताच या शहरानं भररस्त्यात तिचे केस कापले. लिही, हालवर."

"जुनी मढी कशाला उकरता, गुद्रूनबाई? आणि दुसरा साक्षीदार कुठाय?"

"मिळेपर्यंत मी इथून हलत नाही. आईला भ्याले, तुला नाही भिणार!"

सगळे फोटोवर वाकले. मुलगी गुद्रूनकडे बघतच नव्हती. तिची नजर हालवरवर होती, आणि तिच्या खांद्यावर आता एकच वेणी होती.

हालवरनं शाईचं पेन उचललं.

"मी ओळखतो तिला," तो म्हणाला. "कात्री माझ्या हातात होती."