साधा जंतू

प्रयोगशाळेचा फ्रिज आवरताना श्यामसुंदरला एक बिननावाची काचनळी सापडली. तिच्यातला जंतूंचा ठिपका काचपट्टीवर रंगवून त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला.

"जांभळे गोल, द्राक्षांसारखे घोस. साधा स्टॅफिलोकोकस. कोणाच्याही बोटावर मिळेल यार! फेकू ना?"

"राहू दे रे," शेजारच्या टेबलावरून सुहासिनी म्हणाली.

"म्हणजे दर महिन्याला नव्या नळीत लावतेस, तो हाच? पोसतेस कशाला?"

तिने त्याच्या हातातून नळी काढून घेतली.

कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी तिने एकदा मुलुंडला घरी जंतू वाढवायची प्लेट नेली होती. "माझे हात घाण म्हणतेस होय गं?" म्हणत आईने कणकेची बोटं पदराला पुसून त्यावर टेकवली होती.

सुहासिनीने तार तापवली, निवू दिली आणि तिने जुन्या नळीतला ठिपका नव्या नळीत उतरवला. आई गेल्यापासून तिचं म्हणून एवढंच जिवंत होतं.