रंगाखालचं लोखंड

डेपोच्या साहेबांनी इंजिन ऐकलंच नाही. बॉनेटमध्ये डोकावलेसुद्धा नाहीत. त्यांनी फक्त उस्तादांचे हात बघितले आणि निकाल देऊन टाकला.

"असे हात असल्यावर गाडी थरथरणार नाही तर काय?" साहेब म्हणाले. "आज काय ते बघा. नाहीतर उद्यापासून घरी आराम करा."

सगळ्या वर्कशॉपसमोर म्हणाले. हेडमेकॅनिकला, ज्यानं या डेपोतली प्रत्येक अॅम्ब्युलन्स निदान एकदा तरी उघडून मिटली होती त्याला. आजारपणानंतर उस्तादांचे हात थरथरायचे, हे खरं. पण रिकामे असले की. हातात पाना आला की थरथर कुठल्या कुठे जायची. ते बघायला मात्र थांबावं लागतं, आणि साहेबांना थांबायची सवय नव्हती.

या अॅम्ब्युलन्सचं जुनं इंजिन जाम झालं होतं. अपघातात चेपलेल्या तशाच एका गाडीतलं चांगलं इंजिन उस्तादांनी काढून हिच्यात बसवलं. त्या गाडीत ते घड्याळासारखं चालायचं. इथे आल्यापासून ठसकत होतं. सुरू करताना सेल्फ जडपणे फिरायचा. दिवे लावले की इंजिन धापा टाकायचं, पंखा लावला की मरायला टेकायचं. मडगार्डवर ठेवलेला पाना सारखा खडखडत होता.

प्लग बदलून झाले. कार्ब्युरेटर धुऊन झाला. टायमिंग तर इतक्यांदा तपासलं की बघणाऱ्यांनाच घाम फुटला.

"नव्या सुनेसारखं आहे हो, उस्ताद," ड्रायव्हर म्हणाला. त्याला सगळे भोंगा म्हणायचे, कारण त्याला हळू बोलताच येत नसे. "रुळेल हळूहळू."

"सुनेला कशाला बोल लावतोस? घरच धड नसेल," वहिनी म्हणाल्या. वहिनी म्हणजे उस्तादांची बायको. डेपोतलं वायरिंगचं काम त्यांच्याकडे.

उस्ताद हसले नाहीत. फडक्यानं एकेक पाना पुसून ते पेटीत ठेवत होते. पुन्हा काढायचे नसल्यासारखे.

"माझ्याच हातून काहीतरी ढिलं राहिलं असेल गं."

"हात थरथरतात तुमचे. बोल्ट नाही थरथरत. पेटी उघडी ठेवा."

वहिनी इंजिनावर वाकल्या. "भोंग्या, मार सेल्फ!" सेल्फ कण्हत फिरला. मधे येणारी अॅक्सिलरेटरची केबल बाजूला सारायला त्यांनी हात घातला आणि झटक्यात मागे घेतला.

"अहो, ही तापलीय!"

"केबल?" उस्तादांनी फडकं खाली टाकलं. "केबल कशाला तापेल?"

दोघांच्याही ते एकदमच लक्षात आलं. बॅटरीतून निघालेला करंट इंजिनापर्यंत जातो, पण त्याला परत यायलाही वाट लागते. इंजिनातून बॉडीत, बॉडीतून बॅटरीत. हमरस्ता बंद झाला तर तो सापडेल त्या बोळात घुसतो. बिचाऱ्या केबलचा बोळ झाला होता.

वहिनींनी जाड वायर आणली. एक चिमटा इंजिनाला लावला, दुसरा थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. "मार!"

इंजिन एका झटक्यात सुरू झालं. ठसका नाही, धाप नाही. मडगार्डवरचा पाना गप्प पडून राहिला.

गाडी बंद केली. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी खाली होती. उस्तादांनी तिचा बोल्ट खोलला. तो पक्का आवळलेला होता, काही ढिलं राहिलं नव्हतं. पट्टी बाजूला केली. खाली चकचकीत राखाडी रंग. जाड, गुळगुळीत, आरशासारखा. लोखंडाचा ठिपकासुद्धा उघडा नाही. पट्टी लोखंडाला टेकलीच नव्हती, रंगावर बसली होती, आणि रंगातून करंट जात नाही.

"तुम्ही तर खरवडल्याशिवाय ही पट्टी कधीच लावत नाही!" वहिनी म्हणाल्या. "मलासुद्धा लावू देत नाही!"

उस्ताद खाली बघत म्हणाले, "इंजिन बाहेर होतं तेव्हा साहेबांनी पेंटर पाठवला. ताकीद दिली, रंगावर ओरखडा दिसता कामा नये. गाडीचे फोटो काढायचे होते."

वहिनींनी भोंग्याला साहेबांकडे पिटाळलं. साहेब आले, कपाळाला आठ्या घालूनच आले. उस्तादांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. चाकूच्या पात्याचं टोक त्या देखण्या रंगात रोवलं आणि खरवडायला सुरुवात केली.

"अहो, रंग! रंग!" साहेब ओरडले.

करकर आवाज होत राहिला. राखाडी साल निघत होती. उस्तादांचा हात जराही थरथरत नव्हता. साहेबांना या वेळी थांबावं लागलं, आणि थांबल्यावर त्यांना तेही दिसलं. खालून उघडं लोखंड चमकलं. पट्टी बसली, बोल्ट आवळला.

"सगळं लाव," उस्ताद म्हणाले.

भोंग्यानं गाडी सुरू केली. दिवे लावले. पंखा लावला. सायरनही लावला. आख्खं वर्कशॉप दणाणलं, पण इंजिनाची लय बदलली नाही. पोरं टाळ्या पिटत होती. कुणीतरी शीळ घातली. भोंगा सायरनच्या वर ओरडला, "नांदली! नांदली हो सून!"

साहेब वळून निघाले होते. वहिनी त्यांच्या वाटेत उभ्या राहिल्या. सायरन बंद होईपर्यंत थांबल्या, म्हणजे प्रत्येकाला ऐकू जावं.

"चूक ह्यांचीच झाली, साहेब. जन्मात कामात कुणाचं ऐकलं नाही, एकदाच तुमचं ऐकलं. आता सांगा, उद्यापासून घरी कुणी बसायचं?"