मागच्या सीटचा उजेड

गाड्यांमध्ये दिवे बसवता बसवता वायरमनचे केस पिकले होते. हौशी मंडळी डॅशबोर्डखाली निळी-जांभळी एलईडी पट्टी मागायची. या बाईंना मात्र साधी पांढरी हवी होती, तीही पुढच्या सीटच्या पाठीला, मागे बसणाऱ्यांच्या मांडीवर उजेड पडेल अशी.

"छतातला दिवा आहे की."

"तो लावला की समोरच्या काचेत चमकतो. मला रस्ताच दिसत नाही."

"मागे बसून वाचतं का कोणी?"

"नाही हो. आईबाबांना गप्पा मारायच्या असतात."

गप्पांना उजेड कशाला, असं पुटपुटत त्याने काम उरकलं.

अंधारायला लागल्यावर ती आईवडिलांना घेऊनच गाडी न्यायला आली. दोघं मागे बसली. तिने बटण दाबलं आणि त्या इवल्याशा उजेडात चार हात भराभरा हलायला लागले. तोंडातून मात्र कोणाच्याच शब्द नाही. तेव्हा कुठे वायरमनच्या डोक्यात प्रकाश पडला.

"काय बोलतायत?" त्याने हळूच विचारलं.

"हळू कशाला, त्यांना ऐकू येत नाही." तिने आरशात पाहिलं आणि तिला हसू आवरेना. "कडाक्याचं भांडण चाललंय. आजवर अंधार पडला की बाबा सुटायचे."