पावणेसातचा फोटो

"पण काका, ह्यो फोटो जुन्या कंपनीच्या नावावर हाय," टीव्हीच्या ऑफिसातली रेश्मा म्हणाली. "नव्या कंपनीला नवा अर्ज लागतुया. संगट पोलिसांचा दाखला, मुलगा अजून सापडला न्हाई म्हणून."

शरदचंद्र खोडके टेबलाला हात टेकून उभेच राहिले.

उरवड्याच्या त्या कारखान्यात मुळात पाईप बनत. मालकाला हौस आली आणि त्यानं मागच्या शेडमध्ये 'नजर' नावाची टीव्ही वाहिनी काढली. आता मालक थकला, तेव्हा व्यवहारी मुलांनी पाईप आपल्याकडे ठेवले आणि टीव्हीची वेगळी कंपनी करून टाकली. भावाभावांची वाटणी व्हावी तसं झालं. कॅमेरे, गाड्या, माणसं, अगदी खुर्च्यासुद्धा याद्यांमध्ये चढून इकडून तिकडे गेल्या. रोज पावणेसातला हरवलेल्यांचे फोटो फुकट दाखवायची म्हाताऱ्याची रीत मात्र कुठल्याच यादीत नव्हती. रेश्मानं नव्या कंपनीच्या साहेबांच्या मागे लागून ती कशीबशी वाचवली, तीही कागद पुरे हवेत या अटीवर.

"सहा वर्षांत कुणी दाखला मागितला नाही," शरदचंद्र म्हणाले.

"मालकांचा तोंडी कारभार व्हता. सोमवारपासनं कागद न्हाई तर फोटो न्हाई. पौडच्या ठाण्यात जावा की. एका दिवसाचं काम."

"तो दाखला मला मिळणार नाही."

"का बरं? मी लावू का फोन?"

"नको." त्यांनी मागे वळून पाहिलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. "अमोघ सापडलाय, बेटा. सापडून सहा वर्षं झाली."

रेश्मानं हातातला पेन खाली ठेवला.

मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. अमोघला हिंजवडीत नोकरी लागली म्हणून ते आणि त्यांची बायको हेमलता अकोला सोडून इकडे आले, माले गावात छोटं घर बांधलं. दोन हजार तीनच्या ऑगस्टमध्ये एका रविवारी तो मोटरसायकल घेऊन बाहेर पडला, तो आलाच नाही. तिसऱ्या आठवड्यात गावाजवळच्या धरणाच्या पलीकडच्या काठाला सापडला. हेमलता तेव्हा हृदयाच्या ऑपरेशनमधून नुकती घरी आली होती. तिला धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शरदचंद्र एकटेच पौडला गेले. शर्टावरून ओळख पटवली, एक हवालदार आणि एक ओळखीचा दुकानदार सोबतीला घेऊन तिथंच अग्नी दिला आणि घरी येऊन गप्प बसले. आठवड्यानं सांगू म्हणता म्हणता महिना गेला, मग वर्ष. आईला पोटच्या मुलाच्या दहाव्यालाही बसू दिलं नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

"आता ती ठणठणीत आहे," ते म्हणाले. "पण रोज पावणेसातला टीव्ही लावते. अमोघ शरदचंद्र खोडके, वय चोवीस. तेवढं झालं की स्वयंपाकाला उठते. सोमवारी फोटो आला नाही तर मला विचारेल. आणि मला खोटं बोलता येत नाही गं."

सहा वर्षं खोटं निभावलेला माणूस हे म्हणत होता, आणि मनापासून म्हणत होता.

रेश्मानं खणातून एक कोरा फॉर्म काढला. "दाखला नसंल तर घरातल्या दुसऱ्या माणसानं सोताच्या अक्षरात भरायचा, अशी बी सोय हाय. काकूंना भरू द्या." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आन् तुमी मला कायबी सांगितलेलं न्हाई."

संध्याकाळी त्यांनी फॉर्म हेमलताबाईंसमोर ठेवला.

"कंपनी बदलली आहे. तुझ्या अक्षरात हवा, असं तिथली मुलगी म्हणते."

तिनं चष्मा लावून कागद उलटसुलट पाहिला. तेवढ्यात टीव्हीवर अमोघचा फोटो आला. फोटो आला की ती टीव्हीकडे कमी आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडेच जास्त बघे, म्हणून शरदचंद्र कधी पडद्यावरची नजर काढत नसत. चेहऱ्यावरून तिला काही कळलं तर?

"काय लिहू?" तिनं विचारलं.

"जे खरं आहे ते."

बोलून गेले आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

फॉर्म घेऊन ती आत गेली. आता शर्टाचा रंग लिहीत असेल, हनुवटीखालचा तीळ लिहीत असेल. मेलेल्या मुलाच्या खुणा आपण त्याच्या आईकडून लिहून घेतो आहोत, या विचारानं त्यांना भडभडून आलं. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

सकाळी तिनं डिंकानं चिकटवलेलं पाकीट दिलं. "तिथल्या त्या मुलीच्याच हातात द्या."

उरवड्याला पोचेपर्यंत त्यांनी ते खिशात दोनदा चाचपून पाहिलं. फोडलं नाही.

रेश्मानं पाकीट उघडलं. पहिली ओळ वाचली, मग भराभर पुढच्या. तिनं खुर्ची ओढून दिली.

"बसा काका. हे तुमीच वाचा."

अक्षर हेमलताचंच होतं, शाळेत शिकवताना फळ्यावर असायचं तसं गोल, नीट.

हरवलेल्या व्यक्तीचे नाव : शरदचंद्र खोडके.

वय : त्रेसष्ट.

अर्जदाराशी नाते : पती.

केव्हापासून : सप्टेंबर २००३. अमोघला पोचवून, डोक्यावरून आंघोळ करून पौडहून आले, त्या दिवसापासून.

शेवटचे कुठे दिसले : काल, पावणेसातला, माझ्या शेजारी.