दुसरा गिअर

कृष्णरावांनी जुन्या पेट्रोल जीपला डिझेल इंजिन स्वतःच्या हाताने बसवलं होतं आणि सायलेंसर लावला होता मोडीतल्या ट्रकचा. गावातले लोक त्या जीपला ‘कृष्णरावाची म्हैस’ म्हणत. तळ्याच्या पारीवर, म्हणजे बांधावर, चढताना कृष्णराव दुसरा गिअर टाकत. इंजिन घोगरं हंबरलं की घरी त्यांची बायको धुरपताबाई भाताचं आधण ठेवत.

कृष्णराव गेले. तेरवीनंतर जीप मुरारीला विकली. तो तळ्यातले मासे साकोलीच्या बाजाराला नेई. तरी रोज संध्याकाळी पारीवर तोच आवाज उठे. धुरपताबाई उठून दारापर्यंत जात, थोडा वेळ उभ्या राहत आणि परत चुलीपाशी येऊन बसत. माहेरी आलेल्या शकुनला ते बघवेना. एका सकाळी ती मुरारीकडे गेली.

“काका, तेवढा सायलेंसर बदलवून टाका ना. आवाज आला का माय दारात जाते. मले पाहावत नाही.”

मुरारी जीपचं बोनेट उघडून वाकला होता. “नवा आणलाच होता, बाई. तो पाहा, खुंटीले टांगून हाय.”

“मंग काहून नाही लावला?”

मुरारीने फडक्याला हात पुसले. “तुही माय येऊन गेली. म्हणे, भाऊ, आवाज तसाच राहू द्या.” तो परत बोनेटखाली वाकला. “अन् म्हणे, पारीवर दुसरा गिअर टाकत जा, शकुनचे बाबा टाकत तसा. मी तर तिसऱ्यावरच चढवत होतो.”